साडेतीन वर्षांच्या पोरीला आत्ताच गाण्याचा क्लास लावावा का? (सोलापूर)

जुळेसोलापूरची_आई

नमस्कार मंडळी, लेक साडेतीन वर्षांची आहे, जूनपासून नर्सरीला जाते. घराजवळ एक क्लास निघालाय, कीबोर्ड आणि "ब्रेन म्युझिक" असं काहीतरी आहे, डेमोला गेलो तर तिथल्या मॅडम म्हणाल्या की पाच वर्षांच्या आत संगीत सुरू केलं तर मुलाचा आयक्यू वाढतो, गणित सुधारतं आणि नंतर आणलं तर उपयोग नाही, वगैरे वगैरे. फी तीन महिन्यांची एकदम भरायची. मिस्टर म्हणतात पैसे पाण्यात. घरात सासूबाई तिला झोपवताना तेलुगूत गाणी म्हणतात, मी मराठी बडबडगीतं म्हणते, शेजारच्या काकू कानडी, त्यामुळे पोरगी सगळ्याची खिचडी करून गाते आणि मला भीती वाटते की हिचं बोलणं मागं पडेल. बाकी वेळ मोबाईलवर कार्टूनची गाणी लावल्याशिवाय जेवत नाही हेही खरं आहे. कुणाला अनुभव असेल तर सांगा, क्लास लावू का नको?

गणितवाले_सर

ताई, आयक्यूवाली गोष्ट कुठून आली ते सांगतो म्हणजे पुढच्या वेळी कुणी म्हणालं तर विचारता येईल. 1993 साली अमेरिकेत 36 कॉलेजच्या पोरांना मोझार्ट या युरोपातल्या जुन्या संगीतकाराचा एक तुकडा दहा मिनिटं ऐकवला आणि लगेच कागदाच्या घड्या मनात घालून बघायच्या अशा प्रकारची कोडी दिली, तर मार्क जरा जास्त पडले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत गायब. लहान मुलं त्यात नव्हतीच! पण पेपरात आलं, मग बाजारात सीडी आल्या, 1998 मध्ये तर जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनं प्रत्येक नवजात बाळाला सीडी द्यायला बजेटच मागितलं. नुसतं ऐकून हुशार होतं म्हणणं म्हणजे पोहण्याचा व्हिडिओ बघून पोहता येणं.

शिकल्यानं काही होतं का, तर टोरंटोत शेलेनबर्ग नावाच्या संशोधकानं 144 सहा वर्षांच्या मुलांचे गट पाडले, काहींना कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाटक आणि काहींना काहीच नाही. 2004 मध्ये निकाल छापला, संगीतवाल्यांचा आयक्यू सरासरी 7 गुणांनी वाढला आणि बाकीच्यांचा 4.3 नी, म्हणजे फरक तीनच्याही आत, आणि नाटकवाली पोरं वागण्या-बोलण्यात पुढं गेली. तेही सहा वर्षांची मुलं, तुमची साडेतीनची. तीन महिन्यांची फी त्या तीन गुणांसाठी मी तरी भरणार नाही.

शेंगाचटणी_फॅन

कशाला टेन्शन घेऊलालाव ताई, आपल्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू एका गल्लीत ऐकू येतं, सगळ्यांची पोरं बोललीच की. आमचा भाचा तर दोन भाषांत रडतो. सासूबाईंना गाऊ द्या, बंद करू नका.

बालवाडी_ताई

भाषेबद्दल शेंगाचटणी म्हणतायत ते बरोबर आहे, दोन-तीन भाषांतली गाणी ऐकल्यानं मूल मागं पडत नाही, थोडी सरमिसळ होते ती हळूहळू आपोआप सुटते. गाण्याचा खरा फायदा याच वयात दिसतो कारण गाण्यात शब्द सावकाश, ताणून आणि परत परत येतात, त्यामुळे मुलाला शब्दाचे तुकडे ऐकू यायला लागतात. आम्ही बालवाडीत टाळ्यांचा खेळ घेतो, बटाटा म्हणताना तीन टाळ्या, पोळी म्हणताना दोन, फूल म्हणताना एक. ज्या मुलाला हे जमतं त्याला पुढं अक्षरं जोडायला कमी त्रास होतो, हे आम्ही दरवर्षी बघतो आणि संशोधनातही ताल आणि वाचनाचा संबंध दिसलाय. दुसरा खेळ म्हणजे गाणं थांबलं की स्टॅच्यू. बघायला खेळ, पण नाचता नाचता स्वतःला थांबवणं हे या वयात फार अवघड असतं, पहिल्या आठवड्यात निम्मी पोरं पुढं नाचतच राहतात आणि मग हसत बसतात.

एकत्र गाणं, एकत्र वाजवणं यानं मुलं एकमेकांना मदतही जास्त करतात, 2010 मध्ये चार वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका प्रयोगात हे दिसलं होतं. मोबाईलचं मात्र स्पष्ट सांगते, ते संगीत नाही, तो स्क्रीन आहे. डब्ल्यूएचओच्या 2019 च्या सूचनेप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी तितकं बरं. जेवताना तुम्ही स्वतः काही गुणगुणा, बेसूर चालेल.

होटगीरोड_बाबा

एक मुद्दा राहिला, आवाज. गणपतीत लेझीम बघायला पोरांना जरूर न्या, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला न्या, हलगी ऐकली की दोन वर्षांचं पोर पण पाय आपटतं. पण डॉल्बीच्या भिंतीसमोर कडेवर घेऊन उभे राहणारे आईबाप बघितले की डोकं फिरतं. लहान मुलांसाठी डब्ल्यूएचओ आठवड्याला 40 तास 75 डेसिबलपर्यंतच सुरक्षित मानतं, आवाज तीन डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा. डॉल्बीपाशी हिशोब मिनिटांवर येतो. कानाच्या आतल्या बारीक पेशी गेल्या की परत येत नाहीत.

तबला_पेटी_काका

मी बरीच वर्षं शिकवतोय म्हणून माझं हित बाजूला ठेवून सांगतो, साडेतीनला क्लास लावू नका. सहा-सातला आणा. आमच्याकडे गंधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक म्हणजे पहिल्या परीक्षेच्या फॉर्मची चौकशी करत पालक येतात आणि पोरगं पेटीच्या भात्याला बोटं लावून बघत असतं, त्याला तेवढंच हवं असतं. त्यापेक्षा घरी दादरा ताल घ्या, सहा मात्रा म्हणजे सहा ठोके, धा धीं ना धा तीं ना, तोंडानं म्हणत मांडीवर हात मारायचा, पहिल्या धा ला जोरात. पाचच मिनिटं, रोज, मूल कंटाळायच्या आधी थांबायचं. स्टीलचा डबा चालतो, महागडा कीबोर्ड नको.

तरी क्लास बघायचाच असेल तर आत जाऊन बघा की मुलं हालतात, गातात, वाजवतात का नुसती रांगेत बसून बटणं दाबतात. आणि ज्या क्लासला आयक्यू विकावा लागतो तिथं संगीत कमी असतं, हे माझं वैयक्तिक मत, राग मानू नये.

जुळेसोलापूरची_आई

सगळ्यांचे आभार! फी भरत नाहीये, मिस्टर खूष. काका, एक विचारू का, ती माझ्याबरोबर बरं गाते पण बाबांबरोबर म्हणायला लागली की नुसती ओरडते, सूर लागतच नाही, कान कच्चा आहे का तिचा?

तबला_पेटी_काका

कान ठीक आहे हो. बाबा गातात पेटीच्या काळी एक नाहीतर पांढरी एक या पट्टीच्या आसपास, पुरुषी खर्जात म्हणजे खालच्या जाड आवाजात, पोरीचा गळा तिथं पोचतच नाही म्हणून ती ओरडते. तुमचा सूर तिला जवळ पडतो. बाबांना सांगा जरा वरच्या पट्टीत, पातळ आवाजात गायला, आणि गाणं पाच-सहा सुरांच्या आतलं घ्या. लाज वाटत असेल तर दार लावून घ्या म्हणावं.

शेंगाचटणी_फॅन

काका, आमच्या मेव्हण्याला पण सांगा की हे, पाळणा म्हणतोय का आरोळी ठोकतोय कळत नाही, पोरगं झोपायच्या ऐवजी उठून बसतंय.