सुट्टीत लेकरं स्वतःच्या हाताने काय करायला लागली? तुमचे अनुभव सांगा

1 मेच्या आसपास निकाल लागतो आणि विदर्भातली शाळा उघडते ती थेट जूनच्या अखेरीस. बाकी महाराष्ट्रातली मुलं जूनच्या मध्यावर दप्तर उचलतात, तेव्हा आपली अजून कुलरपुढे लोळत असतात. दोन महिने झाले की हो हे जवळजवळ! पण दिवसातले कामाचे तास दोनच तुकड्यांत मिळतात: पहाटे पाच ते नऊ आणि मग ऊन उतरल्यावर. मधल्या वेळात 45 अंशांत कुत्रंही नालीतून बाहेर येत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेत खिचडी झाली की पोरं आपापलं ताट धुतात, मी उभी राहून धुऊन घेते. घरी मात्र माझा नऊ वर्षांचा मुलगा जेवून उठला की ताट जागेवरच. सासूबाई एकदा म्हणाल्या, "शाळेत मास्तरीण, घरी मोलकरीण." झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून त्याला ताट धुवायला लावलं. चार दिवस तो धुवायचा आणि मी त्याच्या मागून जाऊन तेच ताट पुन्हा घासायची. पाचव्या दिवशी त्याने पाहिलं. "तू धुतेच, तर मी काऊन धुवू?"

काय उत्तर देणार? आता ताटाच्या कडेला थोडं पिठलं राहून जातं. रात्री त्याला त्याच ताटात वाढते. तो नखाने खरवडून काढतो आणि मुकाट्याने परत धुऊन आणतो.

तुमच्याकडचं लिहा. जमलं ते लिहा आणि फसलं ते तर नक्कीच लिहा. "मुलांना शिस्त हवी" असं कोणी लिहू नका, ते सगळ्यांना माहीत आहे.

वरुडकडून, दोन मुलांची आई

मॅडम, आमच्याकडे कुलरची गोष्ट घडली. सांगते.

मोठा अकरा वर्षांचा आहे. म्हणे, कुलरमध्ये पाणी मी भरतो. मला धडकीच भरली. आपल्याकडे उन्हाळा आला की कुठे ना कुठे कुलरचा शॉक लागून कोणी गेल्याची बातमी येतेच. लोखंडी बॉडी, खाली ओलं, अनवाणी पाय आणि सुरू कुलरमध्ये पाइप. मी नाही म्हटलं. माझा भाऊ वायरमनचं काम करतो. तो म्हणाला, "आज नाही म्हणशील, पण तू शेतात गेल्यावर तो भरणारच. त्यापेक्षा नीट शिकव." आधी त्याने अर्थिंग तपासली, बोर्डात शॉक लागला की लाइन तोडणारा स्विच बसवला, आणि मग पोराला शिकवलं: बटन बंद, पिन बाहेर, पिन खिडकीवर डोळ्यांना दिसेल अशी ठेवायची, पायात रबरी चप्पल, मग पाइप. टाकी भरली, पाइप बाजूला झाला, हात कोरडे पुसले की मग पिन. पंधरा दिवस मी दारात उभी राहायची. तो पाढे म्हटल्यासारखा मोठ्याने म्हणत म्हणत करायचा.

फसलं कुठे, तर नवऱ्यापाशी. बागेला पाणी देऊन रात्रीचे आले, कारण शेताची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती. घामाघूम झालेले, कुलर कोरडा. सुरू कुलरमध्येच बकेट ओतली. पोरगा खाटेवरून ओरडला, "बाबा, पिन!" हे म्हणतात, वीस वर्षं झाली असाच भरतो. पोराने उठून मेन स्विचच पाडला. घर अंधारात, धाकटी रडतेय, सासरे काठी शोधताहेत आणि बापलेक एकमेकांकडे बघत उभे.

त्या रात्री यांनी पोराला खूप रागावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी चोरून पाहिलं. पिन काढून खिडकीवर ठेवली होती.

दर्यापूरहून, एक आजोबा

माझं वय 76. नात अकरा वर्षांची. तिला एकटीने एसटीने मूर्तिजापूरला आत्याकडे जायचं होतं. पूर्वी आमच्या बनोशाच्या टेसनावरून शकुंतला नावाची छोटी आगगाडी निघायची, तिच्यात लेकरू बसवलं तरी काळजी नसे. सायकलवाला तिच्या पुढे जायचा म्हणतात, ते काही फार खोटं नाही. आता ती बंद पडली.

ठरलं असं की मी त्याच गाडीत मागच्या सीटवर बसायचं, पण ओळख द्यायची नाही. पाटी तिनेच वाचायची, तिकीट तिनेच काढायचं, उतरायचं कुठे ते तिनेच पाहायचं. पोरीने कंडक्टरला ऐटीत सांगितलं, "एक हाफ, मूर्तिजापूर." सुटे पैसे मोजून घेतले. मी मागून पाहतोय, ऊर भरून आला. मग कंडक्टर माझ्यापर्यंत आला. पंचाहत्तरीच्या पुढे आम्हाला तिकीट लागत नाही, पण कार्ड दाखवावं लागतं. मी खिसे चाचपले तर कार्ड नाही. तेवढ्यात समोरून भर गाडीत आवाज आला, "आबाजी, तुमचं आधार माझ्या पिशवीत आहे! तुम्ही इसरले होते!"

अख्खी गाडी हसली. पोरगी एकटी गेली की नाही, हे तुम्हीच ठरवा. परत येताना मात्र ती खरोखरच एकटी आली. आत्याने गाडीत बसवून दिली, मी स्टँडवर तासभर आधी जाऊन उभा.

कुरखेडा भागातून, अंगणवाडी मदतनीस

इथलं वाचून मला थोडं हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. आमच्या गावातल्या पोरींना स्वावलंबन शिकवायची गरज नाही. मे महिन्यात तेंदूचा हंगाम असतो, जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा. माणसं अंधारातच जंगलात निघतात. वाघाची भीती, म्हणून लेकरांना सोबत नेत नाहीत. घरी बारा वर्षांची पोरगी असते. ती पाणी आणते, भात टाकते, लहान भावाला अंघोळ घालते. दुपारी पानं आली की सगळ्यांसोबत बसून 70 पानांचा एक असे पुडे बांधते आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेतात त्या जागी, ते मांडायलाही जाते. तिला सुट्टीत काय शिकवायचं? तिला झोपू द्यायचं, खेळू द्यायचं. मी म्हणते, तिच्या वाट्याचं काम तिच्या भावाला शिकवा.

माझ्याच घरी सुरुवात केली. पोरगा चौदाचा, पोरगी बाराची. यंदा सांगून टाकलं, हंगामभर सकाळचा भात पोराचा. बोटाचं एक पेर बुडेल एवढं पाणी तांदळाच्या वर, हे दाखवलं. त्याने स्वतःचं पेर सोडून बापाचं मोजलं की काय कोण जाणे, गिचका झाला. नवरा म्हणाला, "पेज केली का रे?" आणि मीठ घालून प्यायला. तो त्या दिवशी चिडला असता तर पोराने परत चुलीकडे पाहिलं नसतं. आता भात मोकळा होतो. पोरगी तेवढ्या वेळात चिंचेखाली बिट्ट्या खेळते. शेजारीण विचारते, "पोराला चुलीशी बसवता अन् पोरीला मोकळं सोडता?" हो, तसंच करते.

हिंगणघाटजवळून, एक बाप

वरच्या ताईंचं वाचून मी लिहिलेलं अर्धं खोडलं. आम्ही आपलं पोराला बाजारात पाठवल्याचं कौतुक सांगणार होतो. तरी सांगतो थोडक्यात. आठवडी बाजारात 200 रुपये देऊन पाठवला: कांदे, वांगी, मिरची, सांभार (कोथिंबीर). दीड तासाने आला, दोन्ही हातांत दोन डांगरं, म्हणजे खरबुजं. भाजी नाही. "लै गोड होते, चाखून घेतले." बायकोने मला डोळ्याने गप्प केलं. दोन दिवस वरणासोबत डांगर खाल्लं. पुढच्या बाजाराला त्याने जाताना स्वतःच चिठ्ठी लिहून नेली आणि 15 रुपये वाचवून आणले. ते मी परत मागितले नाहीत, इथेच कदाचित चुकलो. आता तो दर बाजाराला 15 रुपये वाचवतो. कशातून, ते विचारत नाही.

आर्वीहून

सगळं ठीक आहे हो, पण अकरा ते पाच दार बंद करून बसलेलं लेकरू मोबाइलशिवाय काय करेल? खरं सांगा.

(याला उत्तर, वरुडच्या ताईंकडून)

चिंच फोडायला बसवा. खरंच. आमच्याकडे एक पोतं असतं. एक जण टरफल काढतो, एक जण चिंचोके काढतो आणि आजी गोष्ट सांगते. चिंचोके त्यांचेच, खेळायला. तासाभराच्या वर टिकत नाहीत, मग मोबाइल मागतात. मी देते. मीपण दुपारी मोबाइलच पाहते.

चिखली तालुक्यातून, एक आई

लिहू की नको असं झालं होतं. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, गतिमंद आहे. तुमची मुलं एसटीने जातात, आम्ही सगळी सुट्टी शर्टाच्या बटनांवर घालवली.

जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांसोबत काम करणाऱ्या एका ताई भेटल्या होत्या. त्या म्हणाल्या, शेवटाकडून शिकवा. म्हणजे बटन काजात अर्ध्यापर्यंत मी सारायचं, त्याने फक्त पलीकडून ओढायचं. शेवटची ओढ त्याची. काम पुरं झाल्याचा आनंद त्याच्या हाताला मिळतो. आधी मी उलटं करायची. सुरुवात त्याला करायला लावायची आणि तो अडला की मी पुरं करायची. म्हणजे दर वेळी हरायचाच तो.

यांचा जुना शर्ट घेतला, बटनं काढून कोटाची मोठी बटनं लावली, काजं थोडी सैल केली. खालून सुरुवात, कारण गळ्याजवळचं बटन त्याला दिसतच नाही. रोज सकाळी अंघोळीनंतर, घाई नसताना. पहिले नऊ दिवस काही नाही. बटन ओढायच्या ऐवजी शर्टच ओढायचा. दहाव्या दिवशी बटन बाहेर आलं आणि तो माझ्याकडे न बघता बटनाकडेच बघत राहिला, कितीतरी वेळ. आता खालची तीन तो एकटा लावतो. साध्या बटनांचा शर्ट अजून जमत नाही.

लोक म्हणतात, टी-शर्ट घाला ना, कशाला डोकेफोड. घालतेच की, घाईच्या वेळी. पण एक झालंय. घरी येईल त्याच्या शर्टाची बटनं तो काढतो नि लावतो. परवा तलाठी आले होते, ते बिचारे हात वर करून उभे राहिले.

धागा काढणाऱ्या मॅडम

चिखलीच्या ताई, बरं झालं लिहिलंत. शेवटाकडून शिकवायचं मी वर्गात बुटाच्या नाडीसाठी करून पाहणार आहे. पहिलीच्या पोरांचा त्यातच अर्धा तास जातो.

मोर्शीकडून, एक बाप

मला सल्ला हवा आहे. पोरगी दहाची, शेतातल्या विहिरीत पोहायला शिकव म्हणते. आमच्या पिढीत बापाने पाठीला रिकामा डबा बांधून ढकललं, झालं. दरवर्षी सुट्टीत नदीच्या डोहात, रेती उपसलेल्या खड्ड्यांत पोरं बुडतात, म्हणून पोहणं आलंच पाहिजे असं मलाही वाटतं. पण तिची आई म्हणते, पोहता आलं की एकटी जाईल. दोघांचंही खरं आहे.

सध्या असं चाललंय: कमरेला दोर, पाठीला पाच लिटरची कॅन, मी आधी पाण्यात, वर काठावर माझा भाऊ. सकाळी सहाला, मोटर बंद. मी नसताना विहिरीच्या धडीवर पाय ठेवला तर सगळं बंद, हे आधीच ठरलंय. काल तिने कॅन सोडायला सांगितली. मी सोडली नाही. ती रुसून सबंध रस्ता माझ्या मागे दहा पावलं अंतर ठेवून चालली.

7 जूनला मृग लागतो. त्याच्या आत बिना कॅनची पलीकडच्या भिंतीला हात लावते म्हणते. कोणी शिकवलं असेल तर सांगा, कॅन कधी सोडायची?