मदत हवी आहे: धनुष्कोडीला विमान की गाडी? आज ठरवायचंय

निपाणी_नाका
रामेश्वरच्या पुढं धनुष्कोडीच्या बीचला जायचं आहे. विमानानं जावं की गाडीनं? घरात दोन पार्ट्या पडल्यात, रोज जेवताना तोच वाद. तिकिटं रोज महागतायत, तेव्हा लवकर सांगा. गूगल करा म्हणणाऱ्यांनी दुसरा धागा बघावा.

कॅसलरॉक
कुठून, किती जण, कधी? धनुष्कोडीत विमान उतरत नाही. जवळचा विमानतळ मदुराई. तिथून रामेश्वर सुमारे १७० किलोमीटर, म्हणजे साडेतीन तास गाडीत बसणं आलंच.

निपाणी_नाका
निपाणीहून, आणखी कुठून? आठ जण. दिवाळीत.

चौथा_गिअर
आठ जण म्हटल्यावर विचार कसला करालाय? गाडी काढा. बेंगलोरपर्यंत हायवे, पुढं होसूर, सेलम, दिंडिगल, मदुराई. साधारण बाराशे किलोमीटर. पहाटे तीनला निघा, रात्री सेलमला मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारी रामेश्वर बेटाच्या पांबन पुलावर. फास्टॅगचा वार्षिक पास काढा, एकदाच पैसे भरून २०० टोल.

सांबरा_विंडोसीट
बाराशे किलोमीटर आठ जण कोंबून? तिथं पोचल्यावर समुद्र बघायचा की कंबर शेकायची? सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बेंगलोर, तिथून मदुराई. विषय संपला.

चौथा_गिअर
दिवाळीत आठ जणांचं विमान म्हणजे किती होतात ते आधी बघा की ओ. वर मदुराईला दोन टॅक्स्या. तेवढ्यात माझी गाडी जाऊन येऊन सर्व्हिसिंगसुद्धा होईल.

खानापूरची_मावशी
रामेश्वरला निघालाय आणि बीच बीच काय लावलंय? घरात काशीचा गंगेचा गडू असेल तर न्यायला विसरू नका. देवळात बावीस तीर्थांचं स्नान असतं. एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर ओल्या कपड्यांनीच चालायचं, प्रत्येक ठिकाणी डोक्यावर बादली ओततात. फरशीवर सगळीकडे पाणीच पाणी. वयस्कर कुणी असेल तर हात सोडू नका.

निपाणी_नाका
मावशी, आई आहेच बरोबर. तिच्यासाठीच तर चाललोय. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय यंदाच.

कॅसलरॉक
हे आत्ता सांगताय? मग बाराशे किलोमीटर विसरा. आईंना विमानानंच न्या. बुकिंग करतानाच व्हीलचेअर मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी घेतलीत तर बेंगलोरला सामान उचलून पुन्हा चेक-इन करायचं, आणि पहिलं उशिरा आलं की दुसरं गेलं.

मिरज_जंक्शन
रेल्वेचं नाव कुणीच काढेना! राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं संध्याकाळी बेळगावला बसा, बेंगलोरपर्यंत आई झोपून येतील. पुढं मदुराईला दुसरी गाडी, आणि रामेश्वरला शिरताना तो रेल्वेचा नवा पांबन पूल. १९१४ चा जुना पूल थकला म्हणून डिसेंबर २०२२ पासून गाड्या बंद होत्या, नवा ६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला. जहाज आलं की मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो. पूर्वी गाडी थेट धनुष्कोडीपर्यंत जायची. डिसेंबर १९६४ च्या वादळात आख्खी पॅसेंजर माणसांसकट समुद्रात गेली, तो फाटा परत बांधलाच नाही.

सांबरा_विंडोसीट
आजारी माणसाला मदुराईच्या फलाटावर जिने चढवणार का तुम्ही? इतिहास नंतर.

मिरज_जंक्शन
आजारी कोण म्हणालं? गुडघा नवा आहे. आणि लिफ्ट असतात हो स्टेशनवर.

कॅसलरॉक
भांडा तुम्ही. निपाणीकर, दिवाळीत तिकडे पावसाचे दिवस. आपला पाऊस उतरला की त्यांचा सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. वादळाचा इशारा आला की धनुष्कोडीचा रस्ता बंद करतात. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते ना? दिवाळीच कशाला? त्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारी बघा.

निपाणी_नाका
आमच्या पोरांना दसऱ्याला, भावाची पोरं कोल्हापूरच्या शाळेत, त्यांना दिवाळीला. मोठी सुट्टी कधी जुळतच नाही. आमच्या पोरांचे दोन-चार दिवस बुडवू, पण तारीख हलणार नाही. आणि गाडी भाड्याची आहे, पिवळ्या पाटीची. पास चालतो ना?

चौथा_गिअर
नाही चालत. तो फक्त खासगी गाडीला. पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना राव. तमिळनाडूचं परमिट कोण भरणार तेही मालकाला आधी विचारा.

वेंगुर्ला_रिटर्न
समुद्रच बघायचाय तर आंबोली उतरून वेंगुर्ल्याला जा. दुपारी सुरमई, रात्री घरी.

खानापूरची_मावशी
रामेश्वरला निघालेल्या माणसाला सुरमई सांगताय!

निपाणी_नाका
ठरलं. आई, बायको आणि मी विमानानं, बाकीचे पाच जण भावाबरोबर गाडीनं, एक दिवस आधी निघून. मदुराईला आम्हाला तेच उचलतील, म्हणजे टॅक्सी वाचली. गाडीत पाचच म्हटल्यावर भाऊ पण गप्प झाला. गडू विमानात चालतो का?

कॅसलरॉक
गाडीतून पाठवा. आणि धनुष्कोडीला सकाळी जा, संध्याकाळी गाड्या मागं पाठवतात. तिथं पोहू नका, ओढ फार आहे. पोरांना नीट बजावून ठेवा.

हुक्केरी_एक्सप्रेस
धागा पूर्ण वाचला नाही, पण कोल्हापूरहून तिरुपतीचं विमान अजून आहे का?