आधी पाणी, मग प्रश्न
"संकटातल्या माणसांपुढे शिकाऊ पोरांनी माईक धरू नये" असं एक मत आहे; ते मला निम्मंच पटतं. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, मजुरांचे जथे कसारा घाट चढून नाशिकमार्गे उत्तरेकडे चालले होते. १ मे रोजी नाशिकरोडहून भोपाळला मजुरांसाठीची खास 'श्रमिक' रेल्वेगाडी सुटली, तरी महामार्गावरची पायपीट थांबली नव्हती. आम्ही पत्रकारितेचे तिघे विद्यार्थी नाशिकच्या द्वारका चौकात उभे होतो. कडेवर लेकरू घेतलेल्या एका बाईला मी "कैसा लग रहा है?" असं विचारलं. ती नुसती बघत राहिली. तो प्रश्न मला अजून बोचतो. त्यानंतर आम्ही आधी पाणी द्यायचो, शेजारी बसायचो. मग गाव, काम, बुडालेली मजुरी सगळं माणसं आपणहून सांगायची. नाव छापू का, हे मात्र प्रत्येकाला विचारायचो.