नाईल क्रूझवर कंटाळा येतो का?

ताई, "चार रात्री बोटीवर बसून करायचं काय" असं तुम्ही विचारलंय. आम्ही कोल्हापूरचे चौदा जण, निम्मे साठीपुढचे, इजिप्तमध्ये लक्सर ते आस्वान जाऊन आलो. धास्ती मलाही होती. पण बोट इतकी सावकाश जाते की काठावरचं सगळं निवांत बघून होतं. खजुरीची झाडं, म्हशी आणि चक्क ऊस! आमच्या मंडळींनी डेकवरच एकरी टनाचा हिशेब मांडला.

खरी गंमत वाटेतल्या एस्ना गावच्या लॉकमध्ये, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या दारबंद कप्प्यात. नाईल उत्तरेला वाहते, म्हणजे दक्षिणेला आस्वानकडे जाताना प्रवाहाच्या उलट. तिथं कप्प्यात पाणी भरून अख्खी बोट वर उचलतात. त्याच वेळी खालच्या होड्यांतून विक्रेते झगे, चादरी थेट डेकवर फेकतात. घासाघीस करण्यात आमच्या वहिनींनी त्यांनाही दमवलं.

गुडघेदुखीवाल्यांना मात्र आधीच सांगा: धक्क्यावर बोटी एकमेकींना चिकटून लागतात, काठावर उतरायला दुसऱ्यांच्या बोटीतून चालत जावं लागतं. जायचं तर ऑक्टोबर ते मार्च. आणि जेवण भरपूर, पण सपक. कांदा-लसूण चटणीचा डबा विसरू नका, आमचा तिसऱ्या दिवशीच संपला.