युद्धातले मीम आणि एआय: वर्गात कोणतं उदाहरण घेऊ?

मैत्रेयी_स
नमस्कार. मी ज्युनियर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. आजच्या युद्धात एआय आणि मीम काय करतात, यावर बारावीला दोन तासिका घ्यायच्या आहेत. अभ्यासक्रमात हे नाही. पण मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत आमची मुलं अक्षरशः मोबाईलला चिकटून होती आणि तेव्हाचं खरं काय, खोटं काय, हे अजून विचारतात. साहित्य एवढं आहे की कुठून सुरुवात करावी कळत नाही. हसून विसरतील असं उदाहरण नको, धास्तावून गप्प बसतील असंही नको. काय सुचवाल?

दर्यावर्दी
युक्रेन घ्या. रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये आक्रमण केलं आणि लगेच 'कीव्हचं भूत' अवतरलं: एकट्याने सहा रशियन विमानं पाडणारा वैमानिक. सोबत फिरणारी एक चित्रफीत तर डीसीएस वर्ल्ड या व्हिडिओ गेममधली होती. एप्रिलच्या अखेरीस युक्रेनच्या हवाई दलानेच सांगितलं की हा वीर लोकांच्या कल्पनेतला आहे. पण तोवर लोकांना जो धीर हवा होता तो मिळून गेला होता. ज्याच्यावर हल्ला झालाय त्याने अशी दंतकथा चालू द्यावी का? मुलांना इथे भांडू द्या.

मग १६ मार्च २०२२ ची युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांची डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेली बनावट फीत. 'शस्त्रं खाली ठेवा' असं ते सैनिकांना सांगताना दाखवले होते आणि युक्रेन २४ वाहिनी हॅक करून तो मजकूर तिथेही घुसवला होता. डोकं धडाला शोभत नव्हतं, हे सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाचं हे वाटतं की अशी फीत येऊ शकते, असा इशारा युक्रेन सरकारने मार्चच्या सुरुवातीलाच दिला होता. लोक सावध होते. झेलेन्स्कींनीही लगेच स्वतःचा व्हिडिओ टाकून ती खोडून काढली. आधी सावध करणं हा उपाय चालतो, हे यातून दाखवता येईल.

नाफोलाही दहा मिनिटं द्या. शिबा इनू कुत्र्याचं चित्र लावून रशियन अधिकाऱ्यांच्या पोस्टखाली टिंगल करणारी ही मंडळी. सुरुवातीला जॉर्जियन लीजनला, म्हणजे युक्रेनच्या बाजूने लढणाऱ्या जॉर्जियन स्वयंसेवकांच्या दलाला, देणगी दिली की तुमच्यासाठी खास कुत्रा काढून मिळायचा. म्हणजे मीममधून थेट लढणाऱ्यांसाठी पैसा उभा राहिला.

अनघा
दर्यावर्दी, उदाहरणं चोख आहेत, पण मी सुरुवात दुसऱ्याच्या युद्धापासून करणार नाही. लांबच्या खोट्यावर मुलं फार लवकर शहाणी होतात. मे २०२५ मध्ये पाकिस्तानी लष्कराचे प्रवक्ते 'आमची दोन विमानं पडली' अशी कबुली देताना दिसणारी फीत आली होती. जुन्या पत्रकार परिषदेवर बनावट आवाज चढवलेला होता. आपल्याकडच्या काही माध्यमांनीही ती खरी मानून चालवली, कारण ती आपल्या मनासारखी होती. मुलांना विचारा, तेव्हा तुम्ही ती पुढे पाठवली होती का?

तळेगावकर
मैत्रेयीताई, मीमवर थांबू नका, कळकळीने सांगतो. मीम दिसतं म्हणून त्यावर बोललं जातं. जे एआय माणसं मारायला मदत करतं ते दिसत नाही. एप्रिल २०२४ मध्ये +९७२ मासिक आणि लोकल कॉल या तिथल्या वृत्तसंस्थळांनी इस्रायली लष्कराच्या 'लॅव्हेंडर' या लक्ष्यं सुचवणाऱ्या एआय प्रणालीवर वृत्तांत दिला. गाझातल्या सुमारे ३७,००० माणसांना तिने संशयित लढवय्ये ठरवलं होतं आणि एकेका नावाच्या तपासणीला अधिकारी जेमतेम २० सेकंद देत, असं त्यांच्या सूत्रांचं म्हणणं. ही केवळ माहिती जुळवण्याची व्यवस्था आहे, निर्णय माणूसच घेतो, असं लष्कराने सांगितलं. दोन्ही बाजू फळ्यावर लिहा.

मला इथे दोन्ही विषय एक होताना दिसतात. फॉरवर्ड करणारा मुलगा आणि लक्ष्य मंजूर करणारा अधिकारी, दोघांच्याही हातातला विचार करण्याचा वेळ काढून घेतला जातोय. ड्रोनचंही तसंच. समोरचा जॅमिंग करून सिग्नल तोडतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्यातून लक्ष्य धरून ठेवणारं एआय ड्रोनमध्येच बसवतात. त्या टप्प्यात चालकाचा हात सुटलेला असतो.

मैत्रेयी_स
तळेगावकर, वेळेचा हा धागा मी धरते, दोन्ही तासिका त्यावर उभ्या राहतील. अनघा, सुरुवात तुमच्या फितीने. फक्त गाझाबद्दल वर्गात लगेच गट पडतील ही धास्ती आहे.

तळेगावकर
पडू देत, पण चर्चेला चौकट द्या. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वयंचलित शस्त्रांवरचा, म्हणजे माणसाशिवाय लक्ष्य निवडून मारणाऱ्या शस्त्रांवरचा, ठराव मंजूर झाला. विरोधात मोजके देश होते आणि त्यांत भारत होता. असे नियम ठरवायचे तर ते पारंपरिक शस्त्रांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली जिनिव्हात होणाऱ्या चर्चेतच, ही भारताची भूमिका. अर्ध्या वर्गाने भारताची बाजू मांडावी, अर्ध्याने ठरावाची. गटांना कागद मिळाला की आवाज खाली येतात.

अनघा
एक काळजी घ्याच. बनावट फीत दाखवाल तेव्हा 'बनावट' हा शिक्का चित्राच्या मधोमध, चेहऱ्यावरच मारा. कोपऱ्यात मारला तर कुणीतरी तो कापून तुमच्याच वर्गातून पुन्हा पाठवेल. आणि तपासायला शिकवताना चेहऱ्यातले दोष शोधायला लावू नका, पुढच्या वर्षी ते दोष उरणार नाहीत. फीत पहिल्यांदा कुणी टाकली, कधी टाकली, त्यातलं एखादं स्थिर चित्र देऊन इंटरनेटवर उलटा शोध (रिव्हर्स इमेज सर्च) घेतला तर जुनं काय सापडतं, याची सवय लावा. पीआयबी फॅक्ट चेक या केंद्र सरकारच्या पडताळणी विभागाचे तेव्हाचे खुलासे अजून पाहायला मिळतात. त्यात बैरुतच्या २०२० च्या स्फोटाची फीत ताजी म्हणून फिरवल्याचाही आहे. सरावाला तो द्या, मुलांना स्वतःला शोधता येतो.