जुन्या आत्मचरित्रांतलं 'इकडून' : अर्थ नवरा एवढाच का?

सध्या जुनी आत्मचरित्रं, कादंबऱ्या वाचतेय. त्यात बायका नवऱ्याबद्दल 'इकडून येणं झालं', 'इकडची स्वारी' असं बोलतात. याचा अर्थ सरळ 'हे' असा घ्यायचा का, की सांगणारीबद्दल अजून काही कळतं त्यातून?

– – –

अर्थ तोच. नाव घ्यायचं नाही, मग दिशा दाखवायची. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण खरी मजा व्याकरणात आहे. 'ते जेवले' म्हटलं की ते कर्ता. 'इकडून जेवण झालं' म्हटलं की कर्ता जेवण, क्रियापद नपुंसकलिंगी, आणि माणूस उरला नुसत्या 'ऊन' प्रत्ययापुरता. घरातला सगळ्यात मोठा माणूस वाक्यात कर्ता म्हणून येतच नाही आणि तरी सगळं घर त्याच्या तंत्राने चालतंय हे आपल्याला लख्ख कळतं, 'मला त्यांचा फार धाक होता' असं तिला वेगळं लिहावंच लागत नाही.

रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) बघा. तिथे नवऱ्यासाठी, म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांसाठी, 'स्वतः' येतं. त्याच माणसाने तिला शिकवलं, सभेत बोलायला उभं केलं, तरी उल्लेख असा. मला यात नुसता धाक दिसत नाही, माया पण आहे, आणि दोन्ही वेगळं काढता येत नाही हेच त्या नात्याचं खरं रूप वाटतं.

आता लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उघडा (१९३४ पासून भागाभागाने आली). तिथे नवऱ्यासाठी, म्हणजे कवी ना. वा. टिळकांसाठी, सरळ 'टिळक'. टिळक म्हणाले, टिळक निघाले. आडनावाने हाक मारल्यासारखं, त्यामुळे टिळक चालताबोलता माणूस होतो, रागावतो, हातात पैसा टिकू देत नाही, आणि बाई त्यावर हसू पण शकते. १८९५ ला ते ख्रिस्ती झाले, ही किती वर्षं वेगळी राहिली, सगळं भोगून मग लिहिलंय, तरी कडवटपणा नाही. 'इकडून' वापरून ते पुस्तक लिहिताच आलं नसतं असं माझं ठाम मत आहे.

– – –

छान लिहिलंत. 'श्यामची आई' पण यातच धरा. 'आई म्हणाली' आणि 'वडील म्हणाले'. आई एकेरी म्हणून मान कमी असं कुणाही मराठी वाचकाला वाटत नाही, उलट तीच जवळची.

– – –

हो, आणि तृतीयपुरुषी निवेदनात पण हेच चालतं. 'दामोदरपंत ओसरीवर बसले' लिहिलं की निवेदक गावाच्या रांगेत उभा, 'दाम्या ओसरीवर बसला' लिहिलं की त्याच्या थोरल्या भावाच्या शेजारी. एकाच प्रकरणात पंतांचा दाम्या झाला तर तिथे थांबून बघायचं, आता कुणाच्या डोळ्यांनी चाललंय ते.