मदत हवी आहे: सुप्त हर्पिस विषाणू पुन्हा जागा कसा होतो?

हर्पिस सिम्प्लेक्स-१ पेशीच्या बचावावर मात कशी करतो, ते वाचतोय. विषाणूच्या डीएनएला केंद्रकात घेरणाऱ्या पीएमएल प्रथिनावर विषाणूचं आयसीपी-० हे प्रथिन युबिक्विटिनचा (‘हे नष्ट करा’ अशी खूण ठरणाऱ्या छोट्या प्रथिनाचा) शिक्का मारतं आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, त्याचा फडशा पाडतं, इथवर समजलं. पेशीच्या पीकेआर या बचाव-विकराने प्रथिननिर्मिती सुरू करणाऱ्या ईआयएफ-२ अल्फावर फॉस्फेट लावून ती रोखू पाहिली, तर विषाणूचं आयसीपी-३४.५ पेशीचंच फॉस्फटेज (फॉस्फेट काढणारं विकर) कामाला लावून तो फॉस्फेट काढून टाकतं. चोर तो चोर, वर शिरजोर! विषाणूचं आयसीपी-४७ टॅपला (विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे रोगप्रतिकारक पेशींना दाखवण्यासाठी वाहून नेणाऱ्या प्रथिनाला) अडवतं, ते त्यामानाने सरळ आहे.

अडतंय ते चेतापेशीत. सुप्तावस्थेत आयसीपी-० जवळपास बनतच नाही आणि विषाणूचा डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला, म्हणून बंद असतो. मग पहिलं कुलूप कोण उघडतं? विषाणूची जनुकं सुरू करणारं त्याचं व्हीपी-१६ प्रथिन आधी तयार होतं, की पेशीवरच्या ताणातून येणारा जेएनके या पेशीच्या विकराचा संकेतच पुरतो? दोन्ही बाजूंचे पुरावे कुणी समजावून सांगेल का?